जहाजाच्या सज्जातील खुर्ची : आराम किती, धोका किती?

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापीच्या मुखाजवळ हजिरा बंदर आहे. 8 नोव्हेंबर 2020 रोजी येथून खंबातच्या आखातापलीकडील घोघा बंदरापर्यंत रो-पॅक्स फेरी सुरू झाली आणि रस्त्याने सुमारे 370 किलोमीटरचा वळसा समुद्रमार्गे 90 किलोमीटरवर आला. पुढल्याच वर्षी, 31 मार्च 2021 रोजी, हजिरा ते दीव या क्रूझ सेवेचा प्रारंभ झाला. प्रारंभाच्या वेळी या जहाजाची क्षमता 300 प्रवाशांची, केबिन अवघ्या 16 आणि एका बाजूचा प्रवास 13 ते 14 तासांचा असल्याचे जाहीर करण्यात आले होते. या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात येते. अशा सफरीत बहुसंख्य प्रवाशांचा वेळ केबिनमधील पलंगावर नव्हे, तर डेकवरील आसनांवर जातो. मोठ्या सागरी क्रूझवर हीच जागा केबिनला लागून असलेला खासगी सज्जा घेतो. दोन खुर्च्या, एक लहान मेज, समोर कठडा आणि पलीकडे पाणी, एवढाच त्याचा संसार. मुरगाव बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांच्या बाजूंवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसणारे कप्पे ते हेच.

मुंबई–पणजी बोटीने प्रवास केलेल्या पिढीला डेक म्हणजे सतरंजी, वळकटी आणि उशाला ट्रंक एवढेच ठाऊक होते. खुर्चीचा प्रश्नच नव्हता. सज्जाची चैन प्रवासी जहाजांवर सरसकट आली ती गेल्या तीन-चार दशकांत, आणि तिच्याबरोबर आलेला धोका जगाच्या ध्यानात यायला एक भीषण पहाट उजाडावी लागली.

23 मार्च 2006 रोजी पहाटे तीनच्या सुमारास ‘स्टार प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज कॅरिबियन समुद्रात जमैकाकडे निघाले असताना त्याच्या एका सज्जात आग लागली. न विझवता टाकलेली सिगारेट हे तिचे सर्वांत संभाव्य कारण मानले गेले. सज्जांमधील आडभिंती पॉलिकार्बोनेटच्या, जमिनीवरील फरशा पॉलियुरेथेनच्या आणि खुर्च्या-मेजे प्लास्टिकची होती. वाऱ्याची साथ मिळताच आग काही मिनिटांत वरच्या मजल्यांवर व बाजूच्या सज्जांमध्ये पसरली. 79 केबिन पूर्णपणे निकामी झाल्या, आणखी 218 केबिनांना आग, धूर वा पाण्याने हानी पोहोचली. धुराने गुदमरून एका प्रवाशाचा मृत्यू झाला. केबिनांच्या आत पाण्याचे फवारे होते आणि त्यांनी आपले काम चोख बजावले. सज्जात मात्र ना फवारे होते, ना धोक्याची सूचना देणारी यंत्रणा. सज्जा म्हणजे मोकळी हवा, तिथे कसली आग, हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

त्याच वर्षाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ‘सोलास’ या सुरक्षा कराराच्या अग्निविषयक प्रकरणात दुरुस्ती केली. ती 1 जुलै 2008 पासून अमलात आली. तिचा आशय असा : केबिनच्या सज्जातील आडभिंती न जळणाऱ्या पदार्थाच्या असाव्यात आणि फर्निचर आगीचा मर्यादित धोका असलेले असावे, म्हणजे सुट्या खुर्च्या-मेजांचा सांगाडा न जळणारा आणि गाद्या-उशा सहज पेट न घेणाऱ्या. तसे फर्निचर नसेल, तर सज्जात कायमस्वरूपी फवारा आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवणे बंधनकारक झाले. अंगणात वापरली जाणारी एकसंध प्लास्टिकची खुर्ची या कसोटीला उतरत नाही. मात्र ‘सोलास’ मुळात आंतरराष्ट्रीय सफरींवरील जहाजांसाठी आहे. हजिरा–दीव किंवा मुंबई–गोवा अशा किनारी सफरींना देशाचे स्वतःचे नियम लागू होतात. त्यामुळे तिकीट घेताना जहाज कोणत्या वर्गात मोडते हे विचारणे वावगे ठरत नाही.

आगीत फर्निचरचे महत्त्व किती, हे सुरतेला वेगळे सांगावे लागत नाही. 24 मे 2019 रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड इमारतीच्या आगीत शिकवणी वर्गातील 22 जणांचा बळी गेला. गच्चीवर उभारलेल्या त्या वर्गाचे छत इतके खुजे होते की खुर्च्यांऐवजी टायर बसायला ठेवले होते, ही गोष्ट नंतर उघड झाली. बसायची वस्तू कशाची बनलेली आहे, हा प्रश्न किती जिवावरचा असतो, हे तेथील पालकांनी पाहिले आहे.

आता साहित्याविषयी. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड काही आठवड्यांत गंजते. पोलादातही फरक असतो. घरगुती भांड्यांसाठी चालणारे 304 प्रतीचे स्टेनलेस पोलाद समुद्रावर डागाळते. मॉलिब्डेनम मिसळलेले 316 प्रतीचे अधिक टिकते. पावडरचे लेपन केलेले ॲल्युमिनियम हलके व गंजमुक्त, म्हणून आज ते सर्वाधिक आढळते; सांगाडा त्याचा आणि बैठक लेप दिलेल्या पॉलिस्टर धाग्याच्या जाळीची. अशा जाळीतून पाणी निथळते, हवा खेळते आणि पाठ घामेजत नाही. सागवानाची गोष्ट निराळी. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते मीठ-पाणी सोसते आणि उन्हात तापूनही धातूसारखे चटके देत नाही. जहाजबांधणीतील सागाचे मोल सुरतेने फार पूर्वी ओळखले होते. सुरतेचेच लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये मुंबईस गेले आणि तेथील गोदीत त्यांनी व त्यांच्या वंशजांनी सागवानी जहाजे घडवली. सागवान जळत नाही असे मात्र नव्हे. नव्या नियमानंतर फवारा नसलेल्या सज्जातून लाकडी खुर्च्या हटल्या, त्याचे कारण हेच.

वजनाचा पेच सोपा नाही. हलकी खुर्ची प्रवाशाला सोयीची, पण वाऱ्यालाही तितकीच सोयीची. ताशी 60 किलोमीटर वेगाचा वारा अर्धा चौरस मीटर पाठीवर ढोबळमानाने 8 ते 10 किलो वजनाएवढा रेटा देतो. जहाज 20 नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटर वेगाने जात असेल, तर हवा शांत असूनही हा वेग निम्म्याहून अधिक गाठला जातो. चार-पाच किलोची खुर्ची अशा वेळी सरकते, उलटते, प्रसंगी काचेच्या दारावर आदळते. खराब हवामानात कर्मचारी फर्निचर आत घ्यायला किंवा बांधून ठेवायला येतात. त्यांना तसे करू द्यावे. ज्या जाळीतून वारा पार होतो तिच्यावर हा रेटा कमी पडतो, हाही जाळीचा एक गुण.

सर्वांत गंभीर बाब कठड्याची. आंतरराष्ट्रीय भाररेषा करारानुसार कठड्याची उंची किमान 1 मीटर असते. अमेरिकेच्या 2010 च्या कायद्याने ती 42 इंच, म्हणजे सुमारे 107 सेंटिमीटर ठरवली आहे. खुर्चीची बैठक साधारण 43 सेंटिमीटर उंच असते. तिच्यावर मूल उभे राहिले, की कठड्याची उरलेली उंची 64 सेंटिमीटर. पाच वर्षांचे मूल सुमारे 110 सेंटिमीटर उंच असते आणि त्याचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, याच पातळीवर येतो. म्हणजे जो कठडा जमिनीवरून त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचतो, तो खुर्चीवरून त्याला अडवू शकत नाही. मेजाचेही तेच. लहान मुलांसह प्रवास करणाऱ्यांनी केबिनमध्ये पाऊल ठेवताच खुर्च्या कठड्यापासून दूर, भिंतीला टेकवून ठेवाव्यात. आणि निजण्यापूर्वी सज्जाचे दार आतून कडी लावून बंद करावे. मोठ्यांनीही छायाचित्रासाठी खुर्चीवर चढू नये, हे सांगावे लागते हेच दुर्दैव.

आरामाचा विचार करताना जाहिरातीतील लांबलचक आरामखुर्चीवर भाळू नये. सज्जाचे क्षेत्रफळ पुष्कळदा चार-पाच चौरस मीटरच असते. तिथे अशी खुर्ची उघडली, तर दारापर्यंत जायला वाट उरत नाही, आणि रात्री अंधारात हीच अडचण अंगावर येते. डुलणाऱ्या जहाजावर उठताना आधार लागतो, म्हणून हात असलेली, पाय फाकून उभी राहणारी खुर्ची वृद्धांसाठी उत्तम. गुडघेदुखी असलेल्यांना खोल व खुज्या बैठकीचा जाच होतो. घडीच्या खुर्चीत बोटे चिमटण्याचे प्रकार वारंवार घडतात. तिचा खटका पूर्ण बसला आहे याची हाताने चाचपणी केल्याशिवाय अंग टाकू नये.

सज्जात धूम्रपानास बहुतेक कंपन्यांनी बंदी घातली आहे. पेटते थोटूक समुद्रात फेकले, तरी जहाजाच्या अंगाला घासून वाहणारा वारा ते खालच्या मजल्यावरील एखाद्या सज्जात, तिथे वाळत घातलेल्या टॉवेलवर आणून टाकू शकतो. म्हणून जहाज सोडताना किंवा जेवणास जाताना खुर्चीवर टॉवेल, कपडे वा कागद ठेवून जाऊ नये. सफरीच्या पहिल्या सुरक्षा कवायतीत सज्जाविषयीच्या सूचना दिल्या जात असतील, तर त्या ऐकाव्यात; दिल्या जात नसतील, तर कर्मचाऱ्याला विचारून घ्याव्यात.