‘त्याने’ आणि ‘त्याला’ : निमगिरीच्या अपघाताचे व्याकरण

दि. ७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, सिडनीहून रोमकडे निघालेले आलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नर तालुक्यात निमगिरीजवळच्या डोंगरावर आदळले. बँकॉकहून ते मुंबईला येत होते. विमानातील ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. जुन्नर म्हटले की आपल्याला शिवनेरी आणि नाणेघाट आठवतात. हा अपघात सहसा आठवत नाही.

चौकशीचा निष्कर्ष मराठीत मांडायचा तर असा : वैमानिकाने आपले स्थान चुकीचे जोखले आणि मुंबई जवळ आली असे समजून विमान वेळेआधी खाली आणले, त्याने उपलब्ध दिशादर्शक साधनांचा वापर केला नाही, त्याने किमान सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली, आणि मार्गावरील भूप्रदेश त्याला परिचित नव्हता.

पहिल्या तीन विधानांत वैमानिक कर्ता आहे. चौथ्यात मात्र ‘त्याने’चा ‘त्याला’ होतो. अपरिचय ही कृती नव्हे, अवस्था आहे, आणि ती कोणीतरी राहू दिलेली असते. कोणत्या मार्गावर कोणी जायचे हे वैमानिक ठरवीत नाही. ड्यूटीचा तक्ता कंपनी लावते. सह्याद्रीत परका माणूस वाटाड्या घेतल्याशिवाय घाट चढत नसे. ऐन पावसाळ्यातल्या त्या रात्री हा रिवाज कोणी पाळायचा होता, जाणाऱ्याने की धाडणाऱ्याने? वैमानिकाला निर्दोष ठरविण्याचा माझा हेतू नाही. उंचीची मर्यादा मोडणे ही चूकच. परंतु ‘वैमानिकाची चूक’ या रूढ शब्दप्रयोगातील षष्ठीत दुसरा कर्ता लुप्त होतो. शिवाय मृत कर्ता उलट बोलत नाही, ही सोय आहेच.

कॉकपिटमधील उतरंडीकडे लक्ष जायला आणखी मोठा अपघात घडावा लागला. १९७७ साली तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन विमाने धडकून ५८३ माणसे गेली. समोरचे विमान बाजूला झाले आहे ना, ही फ्लाइट इंजिनिअरची शंका कॅप्टनने झटकून टाकली होती. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली. पुढे कनिष्ठाने वरिष्ठाला टोकणे हा वैमानिकी प्रशिक्षणाचाच भाग झाला. (आपल्या स्टाफरूममध्ये तो कधी होईल, कोण जाणे.)

तक्त्याचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. नोव्हेंबर २०२५ पासून भारतात वैमानिकांच्या विश्रांतीचे व रात्रीच्या कामाचे कडक नियम पूर्णतः लागू झाले. त्यांना पुरेल असे मनुष्यबळाचे नियोजन इंडिगोने केले नव्हते. डिसेंबरच्या आरंभी तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून तिला तात्पुरती सूट देण्यात आली.