फ्यूकोझँथिन : निष्कर्षण व शुद्धीकरण

वाकामे, कोंबू यांसारख्या खाद्य तपकिरी समुद्रशैवालांतील नारिंगी रंगद्रव्य. कॅरोटिनॉइड गटातील हे द्रव्य रिखार्ट व्हिल्श्टेटर व पेज यांनी १९१४ मध्ये वेगळे केले. ते शैवालातून काढणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते शुद्ध करणे, आणि त्याच्या आरोग्यगुणांविषयीचा प्रत्येक दावा या शुद्धतेवरच उभा राहतो वा कोसळतो. जिवंत शैवालात ते प्रथिनाशी बांधलेले असते. तपकिरी वाकामे उकळत्या पाण्यात बुडवताच हिरवेगार होते, ते ही बांधणी सुटल्यामुळे; रंगद्रव्य जागेवरच असते, हरितद्रव्याचा रंग तेवढा वर येतो.

उष्णता, प्रकाश, हवा व आम्ल यांनी हा रेणू बिघडत असल्याने वाळवून दळलेले शैवाल अंधारात व थंडाव्यात भिजवतात. विद्रावक म्हणून मिथेनॉलही चालते, पण ते विषारी. खाद्यपदार्थासाठी इथेनॉलच योग्य. दाबाखालील कार्बन डायऑक्साइडही वापरतात, मात्र रंगद्रव्य ध्रुवीय असल्याने त्यात थोडे इथेनॉल मिसळावे लागते. वाळलेल्या शैवालात ते ग्रॅममागे फार तर काही मिलिग्रॅम असते. साहजिकच अर्कात मेद आणि हरितद्रव्यही भरपूर उतरते. हा अर्क सिलिका जेलच्या स्तंभावर ओतून हेक्झेनमध्ये ॲसिटोनचे प्रमाण वाढवत नेले की आधी बीटा कॅरोटीनचा पिवळा पट्टा निघतो, मग हिरवा, त्यामागून फ्यूकोझँथिनचा गडद नारिंगी.

खायचेच आहे, तर कच्चा अर्क का नको, असा आक्षेप घेतला जातो. पण शैवालातील मेदात विरघळणारी आर्सेनिकची संयुगेही अशा अर्कात येऊ शकतात. शिवाय गुण नेमका कशाचा, हे मिश्रणावरून कळत नाही. होक्काइदो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये वाकामेच्या मेदाचे घटक वेगळे करून उंदरांना दिले, तेव्हा फ्यूकोझँथिनने शरीरातील पांढरी चरबी घटली, ग्लायकोलिपिड या त्याच मेदातील दुसऱ्या घटकाने नाही. वेगळे केल्याशिवाय हा निष्कर्ष निघालाच नसता. मग शैवालच खावे, हेही उत्तर पुरे पडत नाही. फ्यूकोझँथिनचे आतड्यात फ्यूकोझँथिनॉल होते, पण वाकामे खाणाऱ्या माणसांच्या रक्तात ते अत्यल्पच आढळते. आणि मात्रा वाढवण्यासाठी कोंबू जास्त खाल्ले, तर त्यातील भरमसाट आयोडीन थायरॉइडला बाधू शकते. मिश्रणाची अडचण माणसांवरील अभ्यासातही दिसते: २०१० च्या एका बहुचर्चित चाचणीत फ्यूकोझँथिनसोबत डाळिंबाच्या बियांचे तेलही दिले होते, त्यामुळे वजन घटल्याचे श्रेय एकट्या रंगद्रव्याला देता येत नाही.