दोन कॉम्प्युटर, एक फोल्डर : पेनड्राइव्ह आणि इंटरनेटशिवाय घरातल्या घरात फाइल कशा पाठवायच्या

मुरबाड : जून उजाडला की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या ऑनलाइन केंद्रांवर दाखल्यांसाठी गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, सगळं एकाच वेळी लागतं आणि प्रवेशाची तारीख डोक्यावर असते. बऱ्याच ठिकाणी स्कॅनर एका कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि अर्ज दुसऱ्यावर भरला जातो. मधल्या मधे पेनड्राइव्ह पळत असतो. घरातही तेच. जुना डेस्कटॉप ओटीवर, पोराचा लॅपटॉप आतल्या खोलीत, आणि सातबाऱ्याची पीडीएफ नेमकी नको त्या मशीनमध्ये.

पेनड्राइव्हने काम होतं, पण तो दहा ठिकाणी फिरून आलेला असतो. फोल्डर गायब होऊन त्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात, हा प्रकार झेरॉक्सच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिला असेल. दुसरी अडचण आकाराची. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांना हे चांगलंच माहीत आहे.

मग लोक व्हॉट्सअ‍ॅप वापरतात. समोरासमोरच्या दोन टेबलांवरची फाइल आधी कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत येते. भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूरच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो, त्यातलीच ही गत. शिवाय फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबला जाऊन अस्पष्ट होतो आणि अर्ज परत येण्याची भीती राहते.

यावर साधा उपाय विंडोजमध्ये आधीपासून आहे. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडलेले असले, मग ते वायफायने असोत की वायरने, की त्यांचं घरातल्या घरात जाळं तयार होतं. यालाच लॅन म्हणतात. याला इंटरनेट लागत नाही. रिचार्ज संपलेला असो की फायबर तुटलेली असो, राउटरला लाइट मिळाली की फाइल जाते. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर असलेला बरा. राउटर नसेल तर बहुतेक मोबाइलच्या हॉटस्पॉटला दोन्ही कॉम्प्युटर जोडूनही हे होतं, आणि अशी फाइल पाठवताना मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. फक्त त्या वेळी विंडोज स्वतःचं अपडेट ओढायला लागतं आणि दीड जीबीचा पॅक बघता बघता उडतो. त्यासाठी त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करून ठेवायचं.

वेग हवा असेल तर वायरच बरी. १०० एमबीपीएसच्या साध्या वायरवर १ जीबीची फाइल साधारण दीड मिनिटात जाते, गिगाबिट असेल तर दहा-बारा सेकंदांत. राउटरशिवाय दोन कॉम्प्युटरमध्ये थेट लॅन केबल लावली तरी चालते. गिगाबिटच्या मशीनला त्यासाठी वेगळी क्रॉस केबल लागत नाही, फार जुन्याला लागू शकते. केबलची मर्यादा १०० मीटर. घरातून गोठ्यापर्यंत किंवा रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत उघड्यावरून केबल नेली असेल, तर वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागताच ती दोन्ही टोकांनी काढून ठेवावी. वीज जवळपास पडली तरी राउटर आणि मशीन दोन्ही जातात.

आता जोडणी. ज्या कॉम्प्युटरमध्ये फाइल आहेत त्यात सेटिंग्जमधल्या 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जाऊन आपल्या वायफायचा किंवा केबलचा प्रकार 'प्रायव्हेट' करायचा. 'पब्लिक' असला तर विंडोज दार लावून बसतं. एसटी स्टँडवर किंवा दुसऱ्याच्या वायफायवर मात्र पब्लिकच ठेवायचं. पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करायचं. त्याच पानावर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' असतं. ते बंद करा, असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यांचं ऐकू नये, कारण ते बंद केलं की आपल्या वायफायवर असलेला कोणीही शेअर केलेल्या फोल्डरपर्यंत पोचू शकतो. शेजारच्या पोरांना क्रिकेट बघायला दिलेला पासवर्ड कुठवर गेलाय, हे घरमालकालाही माहीत नसतं. ई-सेवा केंद्राच्या मशीनमध्ये तर गावाचे आधार, पासबुक, अंगठ्याचे कागद पडलेले असतात.

त्यामुळे एक वेगळं फोल्डर करायचं, 'वाटप' म्हणा की 'स्कॅन', आणि तेवढंच शेअर करायचं. पूर्ण सी ड्राइव्ह कधीच नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, मग 'शेअर'. तिथे 'एव्हरीवन' न निवडता ठरावीक यूजर निवडायचा. समोरच्याने नुसतं बघायचं असेल तर 'रीड', त्यात टाकायचं-काढायचंही असेल तर 'रीड/राइट'.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पहिल्या कॉम्प्युटरचं नाव इंग्रजीत टाइप करायचं आणि एंटर मारायचं. हे नाव सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', मग 'अबाउट' इथे सापडतं. यूजरनेम आणि पासवर्ड विचारला जाईल, तो पहिल्या कॉम्प्युटरचा द्यायचा.

नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि 'आपल्याला काय जमत नाय' म्हणून पुन्हा पेनड्राइव्ह काढतात. कारण असं, की रोज कॉम्प्युटर उघडताना टाकतो तो चार आकडी पिन इथे चालत नाही. पिन त्या एकाच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. सोपा मार्ग म्हणजे पहिल्या कॉम्प्युटरवर शेअरिंगपुरता एक वेगळा लोकल यूजर तयार करून त्याला पासवर्ड द्यायचा, आणि फोल्डरची परवानगी त्यालाच द्यायची. 'रिमेंबर' वर टिक केली की पुन्हा विचारणार नाही. रोजचं काम असेल तर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून त्याला झेड अक्षर दिलं की ते फोल्डर दुसऱ्या मशीनमध्ये स्वतःच्या ड्राइव्हसारखं दिसतं. काल दिसत होतं, आज दिसत नाही असं झालं, तर आधी पहिला कॉम्प्युटर झोपलाय का ते बघावं. स्लीपमध्ये गेलेल्या मशीनचं फोल्डर उघडत नाही.

मशीन जुनी-नवी असली तर? विंडोज ७ आणि ११ एकमेकांशी बोलतात. एक्सपी मात्र फक्त एसएमबी १ या जुन्या पद्धतीने बोलतो आणि नव्या विंडोजमध्ये ती मुद्दाम काढलेली आहे. ती परत चालू करायच्या फंदात पडू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस याच पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने त्यावरचं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं, ज्यांनी टाकलं नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, तोही त्याच भोकाचा वापर करत ऑफिसांच्या अंतर्गत जाळ्यातून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेला. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल तेव्हा त्यात सापडलं आणि कंटेनरचं काम खोळंबलं. एवढ्या मोठ्या बंदराची ही कथा, तर दोन खोल्यांच्या केंद्राने अपडेट टाळायला काही कारण नाही. विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत, हेही ध्यानात असू द्यावं.

शेअर केलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. एका मशीनवरून डिलीट केलेली फाइल दुसऱ्यावरूनही जाते, आणि नेटवर्कवरून डिलीट झालेलं रिसायकल बिनमध्ये सहसा सापडत नाही. खंडणीवाला व्हायरस शिरला तर तो अशी फोल्डरंही कुलूपबंद करतो. महत्त्वाची कागदपत्रं महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क मशीनपासून काढून कपाटात ठेवायची.

मोबाइलवाल्यांनाही हे फोल्डर उघडता येतं. अँड्रॉइडवर नेटवर्क स्टोरेजची सोय असलेलं फाइल मॅनेजर लागतं, आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. यूजरनेम, पासवर्ड तोच. नुसते दोन-चार फोटो टाकायचे असतील तर गूगलचं क्विक शेअर विंडोजवरही बसतं. शेअरइट आणि झेंडर या अ‍ॅपवर केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातली आहे. कुणी ब्लूटूथने त्यांची फाइल देऊन 'टाकून घे' म्हणालं, तरी घेऊ नये.