अमोल कोल्हे यांचे संसदीय कार्य
डॉ. अमोल कोल्हे हे राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे (शरदचंद्र पवार) राजकारणी असून २०१९ पासून शिरूरचे लोकसभा सदस्य आहेत. विरोधी बाकांवरून त्यांनी बैलगाडा शर्यती व कांद्याचे प्रश्न मांडले.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. संसदेतील सुरक्षाभंगावर गृहमंत्र्यांच्या निवेदनाची मागणी करणाऱ्या ४९ विरोधी खासदारांना १९ डिसेंबरला लोकसभेतून निलंबित करण्यात आले. त्यांत कोल्हे यांच्यासह, शेजारचा दौंड तालुका ज्यात मोडतो त्या बारामती मतदारसंघाच्या सुप्रिया सुळे होत्या. त्यानंतर त्याच महिन्यात कोल्हे यांनी शिवनेरी ते पुणे असा शेतकरी आक्रोश मोर्चा काढला.

४ मे २०२४ रोजी निर्यातबंदी उठली, मात्र ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले. १३ मे रोजीच्या मतदानात कोल्हे पुन्हा निवडून आले.