दप्तराची दुसरी प्रत

पेढीचें भांडवल केवळ तिजोरींत नसतें. कोणाकडून किती येणें आहे, कोणास किती देणें आहे, कोणता माल कोणत्या भावानें घेतला, हें सारें कीर्द-खतावणींत असतें. माल जळाला तर विम्यानें भरपाई होऊं शकते. पण उधारीची वही जळाली म्हणजे येणें असलेली रक्कमही तिच्याबरोबर जाते. आज ही वही संगणकांत गेली आहे. परंतु मूळचें भय गेलेलें नाहीं. वखारींतील वही नाहींशी होण्यास आग, पूर किंवा वाळवी लागे. संगणकांतील वहीला एक चुकीची आज्ञा पुरते. म्हणून तिची दुसरी प्रत कोठें आणि कोणाच्या स्वाधीन ठेवावी, हा लहान व्यापाऱ्यापुढील मोठा प्रश्न आहे. त्याचें उत्तर जाहिरातींपेक्षां इतिहास अधिक स्पष्ट देतो.

नक्कल ठेवण्याची गरज जुनीच आहे. वाफेच्या यंत्रामुळें कीर्ति पावलेल्या जेम्स वॉटनें १७८० सालीं पत्रांची नक्कल काढणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. खास शाईनें लिहिलेल्या पत्रावर पातळ ओला कागद दाबला कीं अक्षरें त्यावर उमटत. १८०६ सालीं राल्फ वेजवुड यानें कार्बन कागदाचें पेटंट मिळविलें. तेव्हांपासून नक्कल काढणें सोपें होत गेलें. तरी ती न काढण्याचा आळस मोठमोठ्या सरकारांनाही सुटला नाहीं. अमेरिकेंतील सेंट लुई येथील सरकारी दप्तरखान्यास १२ जुलै १९७३ रोजीं आग लागली आणि सैनिकांच्या सेवेचीं सुमारें १६० ते १८० लाख दप्तरें भस्मसात् झालीं. त्यांची ना दुसरी प्रत होती, ना सूक्ष्मचित्रण. निवृत्त सैनिकांस आपले हक्क शाबीत करण्यासाठीं पुढें इतर कचेऱ्यांतील कागद धुंडाळावे लागले.

संगणकाच्या काळांत प्रती प्रथम चुंबकीय फितींवर घेतल्या जात. २००६ सालीं ॲमेझॉननें आपलें साठवणगृह भाड्यानें खुलें केलें आणि लहान दुकानदारासही दूरच्या शहरांत प्रत ठेवणें परवडूं लागलें. पण ‘दूर’ म्हणजे नेमकें कोठें? फ्रान्समध्यें स्ट्रासबर्ग येथें १० मार्च २०२१ रोजीं ओव्हीएच कंपनीचें पांच मजली संगणक-केंद्र जळालें. कांहीं ग्राहकांच्या प्रती मूळ माहितीच्याच आवारांत होत्या. दोन्ही एकदम गेल्या. तेव्हां सेवा निवडतांना पहिली विचारणा हीच, कीं मूळ आणि प्रत यांच्या गांवांत अंतर किती?

दुसरी विचारणा भांडारवाल्याच्या आयुष्याची. अमेरिकेंतील निरव्हॅनिक्स ही साठवण-कंपनी सप्टेंबर २०१३ मध्यें बुडाली आणि माहिती हलविण्यास ग्राहकांस आरंभीं अवघ्या दोन आठवड्यांची मुदत मिळाली. माहिती परत आणण्यास लागणारा वेळ कराराआधींच मोजलेला बरा. सेकंदास दहा मेगाबिट वेगाच्या जोडणीवर १०० गिगाबाइट माहिती उतरविण्यास सुमारें २२ तास लागतात. तितका वेळ दुकान बंद ठेवणें परवडेल काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

तिसरी विचारणा किल्ल्यांची. जून २०१४ मध्यें कोड स्पेसेस या लहान कंपनीच्या ॲमेझॉनवरील खात्याचा ताबा एका चोरानें मिळविला व खंडणी मागितली. कंपनी प्रतिकार करूं लागतांच त्यानें मूळ माहितीसह प्रतीही पुसल्या, कारण दोहोंना एकच किल्ली लागत होती. कंपनीस धंदा आवरावा लागला. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या या विध्वंसक प्रणालीनें मर्स्क या जहाज-कंपनीचे संगणक निकामी केले. त्याचा फटका न्हावा-शेवा येथील तिच्या धक्क्यासही बसला. कंपनीच्या जाळ्याची मूळ सूची केवळ घाना देशांतील एका यंत्रावर वांचली, आणि तीही तेथील वीज आधींच गेली होती म्हणून! जें यंत्र जोडलेलें नव्हतें, त्यानेंच सर्वांस तारलें. एक प्रत तोडून ठेवावी, हा त्याचा बोध.

चौथी विचारणा सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित: प्रत खरोखर उघडते काय? ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहिती पुसली गेली. प्रती घेण्याच्या पांच पद्धती तेथें होत्या. पण ऐन वेळीं एकही नीट चालेना. नित्याची नक्कल कित्येक दिवस निघतच नव्हती, आणि बिघाडाची सूचना देणारे संदेश कोणाच्याही हातीं पोंचत नव्हते. सुमारें सहा तासांपूर्वी सहज काढलेल्या एका प्रतीमुळें कंपनी तरली.

या अनुभवांचें सार छायाचित्रकार पीटर क्रोग यानें पूर्वींच तीन आंकड्यांत बांधलें होतें: तीन प्रती, दोन प्रकारचीं साधनें, आणि एक प्रत परठिकाणीं. भारतांत तर कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायास हा केवळ शहाणपणाचा प्रश्न राहिलेला नाहीं. संगणकावरील हिशेबवह्यांची प्रत भारतांतील यंत्रावर असावी असा २०१४ च्या नियमांचा दंडक आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें ती रोजच्या रोज घेणें आवश्यक झालें आहे. परदेशी सेवा स्वस्त मिळाली तरी ही गोष्ट आधीं पाहावी लागते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं वहीची पूजा करण्याची चाल अनेक पेढ्यांवर आहे. त्याच दिवशीं दूर ठेवलेली प्रत मागवून, उघडून, एखाद्या खात्याची बाकी ताडून पाहण्याची चाल पडेल तर बरें. ज्या प्रतीवरून बाकी जुळते, तीच खरी प्रत. बाकीच्यांचें केवळ भाडें भरलें जातें.