घनवादी शिल्प : कोरण्याकडून जोडण्याकडे

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे प्राचीन क्षेत्र असून, तेथील बहुमुखी शिवलिंगावर 359 मुखे कोरलेली आहेत. एकच वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखविण्याची आकांक्षा ही विसाव्या शतकातील युरोपीय घनवादाची ओळख मानली जात असल्यामुळे, अशा प्राचीन शिल्पांशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु तो आवरलेला बरा. कुडलच्या लिंगावरील प्रत्येक मुख आपल्या जागी पूर्ण आहे आणि ही सारी मुखे एकाच अखंड दगडाने धरून ठेवली आहेत. घनवादी शिल्पकारांनी मूळ आकारच फोडला आणि फुटलेल्या भागांची नव्याने मांडणी केली, व हे साधण्यासाठी त्यांना हजारो वर्षांची हस्तकौशल्ये बाजूला ठेवावी लागली.

पॅरिसमध्ये 1907-08 च्या सुमारास पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी चित्रकलेत यथादर्शन, म्हणजे एका ठरावीक बिंदूतून पाहून जवळचे मोठे व दूरचे लहान दाखविण्याची रीत, मोडीत काढली. शिल्पात मात्र ही क्रांती एका फटक्यात झाली नाही. पिकासोने 1909 मध्ये घडविलेल्या स्त्रीच्या मस्तकशिल्पात कपाळ, गाल आणि मान यांवर धारदार कंगोऱ्यांचे पैलू पाडले आहेत. पण हे शिल्प मातीत घडवून साच्याच्या साहाय्याने ब्राँझमध्ये ओतलेले असल्याने पैलूंखालचा भरीव गोळा जुन्याच पद्धतीचा राहिला. रूप बदलले, तंत्र बदलले नाही.

तंत्र बदलले ते 1912 मध्ये, पुठ्ठा, दोरा आणि तार यांतून रचलेल्या पिकासोच्या गिटारमध्ये, जिची पत्र्याची आवृत्ती त्याने 1914 मध्ये केली. तोवर शिल्पकारापुढे दोनच मार्ग होते : दगड वा लाकूड कोरून नको तो भाग काढून टाकणे, किंवा माती-मेणाचे थर चढवीत आकार वाढविणे. गिटारमध्ये यांपैकी काहीच नाही. तेथे सपाट तुकडे कापून, वाकवून एकमेकांना जोडले आहेत आणि त्यांच्यामधली मोकळी जागा हीच वाद्याची घडण ठरते. वाद्याच्या मधले भोक बाहेर आलेल्या नळीने सूचित केले आहे. पश्चिम आफ्रिकेतील ग्रेबो लोकांच्या मुखवट्यांत डोळे अशाच पुढे आलेल्या नळकांड्यांनी दाखवितात, आणि या साम्याकडे कानवायलर या घनवादी चित्रकारांच्या कलाविक्रेत्याने लक्ष वेधले होते. पोकळीला आकाराचा दर्जा मिळणे ही शिल्पेतिहासातील फार मोठी घटना होय. आर्किपेन्कोने मानवी देहात आरपार पोकळ्या ठेवल्या, तर लिपशिट्झने दगडातच एकमेकांत घुसलेल्या प्रतलांची रचना साधली; परंतु या जोडकामाला दीर्घायुष्य मिळाले ते स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्झालेस याच्यामुळे. पॅरिसजवळच्या रेनॉ कारखान्यात तो 1918 मध्ये ऑक्सि-ॲसिटिलीन वेल्डिंग, म्हणजे वायूच्या ज्योतीने धातू वितळवून सांधण्याचे काम, शिकला होता आणि 1928 पासून त्याने पिकासोबरोबर लोखंडी शिल्पे सिद्ध केली. कामगाराची हत्यारे अशा रीतीने शिल्पशाळेत आली.

महाराष्ट्रात त्या काळी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील वास्तवदर्शी परंपरेचा प्रभाव होता. गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. घनवादाचा ठसा येथे प्रथम इमारतींच्या दर्शनी भागांवर, आर्ट डेको या भौमितिक अलंकरणशैलीच्या मार्गाने उमटला. फोर्ट भागातील न्यू इंडिया ॲश्युरन्स कंपनीची इमारत मास्टर, साठे आणि भुता या वास्तुविशारदांनी रचली असून, ती 1936 मध्ये उभी राहिली. तिच्यावरील ग्रामीण कष्टकऱ्यांच्या उंच, कोनदार आकृती ना. ग. पानसरे यांनी साकारल्या. वस्त्राच्या चुण्या आणि शरीराचे गोलावे त्यांत सरळ कडांमध्ये बसविले आहेत, तथापि आकृती भिंतीपासून सुटलेली नाही. ज्या टप्प्यावर 1909 चे मस्तकशिल्प होते, तेथेच हे कामही उभे आहे, आणि तरीही त्याची भव्यता कमी होत नाही.

पुढचे पाऊल पानसरे यांच्याकडे शिकलेल्या दोघांनी टाकले. आदी दावियरवाला (1922-1975) हे औषधनिर्माणाच्या व्यवसायातून शिल्पकलेकडे वळले आणि लाकूड व दगड यांतील सघन आकृतींकडून धातूच्या मोकळ्या रचनांपर्यंत पोहोचले. पिलू पोचखानवाला (1923-1986) या वाणिज्य शाखेच्या पदवीधर होत्या आणि जाहिरात क्षेत्रात काम करीत होत्या. 1951 च्या युरोप-प्रवासानंतर त्यांनी शिल्पाचा मार्ग धरला, आणि पुढे यंत्रांचे भंगार व लोखंडी पत्रे वेल्डिंगने सांधून त्या शिल्पे उभारू लागल्या. या दोघांना सरसकट घनवादी म्हणणे योग्य ठरणार नाही, कारण हेन्री मूरसारख्यांच्या शिल्पाचाही त्यांच्या पिढीवर प्रभाव होता. पण तुकड्यांतून रचना आणि पोकळीतून आकार ही घनवादाची मूळ शिस्त पैलूदार आकृतींपेक्षा त्यांच्या जोडकामातच अधिक खऱ्या अर्थाने उतरली आहे. सर कावसजी जहांगीर सभागृहाचे आधुनिक कलेच्या दालनात रूपांतर व्हावे यासाठी पोचखानवाला यांनी नेटाने पाठपुरावा केला. ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय 1996 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी खुले झाले, आणि ते आहे महात्मा गांधी मार्गावर, ज्या मार्गावर पानसरे यांच्या आकृती मिरविणारी विमा कंपनीची इमारत आहे.