तोफेचं कांसं आणि अतिवाहक तार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या परंड्याच्या किल्ल्यात आलेले पाहुणे तोफांपाशी थांबतात आणि धातू कोणता, असं विचारतात. आम्ही सवयीनं ‘पंचधातू’ म्हणून मोकळे होतो. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्यात राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. तिच्या धातूत साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील आहे, म्हणजे ते कांसंच. याच कांशाचा विसाव्या शतकातला एक प्रवास मला आज सांगायचा आहे.

१९११ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात कामरलिंग ओनेस यांना असं आढळलं, की उणे २६९ अंश सेल्सिअसला पाऱ्याचा विजेला होणारा विरोध एकदम नाहीसा होतो. अशा पदार्थाला आपण अतिवाहक म्हणतो. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नायोबियम आणि कथिलाचं संयुग उणे २५५ अंशांनाच अतिवाहक होताना दिसलं. पण ते इतकं ठिसूळ, की त्याची तार ओढता येईना. १९७० च्या सुमारास त्यावर तोड निघाली. कांशात नायोबियमचे तंतू बसवायचे, तार ओढायची आणि मग भट्टीत तापवायची. कांशातलं कथील तंतूंत शिरतं आणि हवं ते संयुग जागच्या जागी तयार होतं.

या संयुगाच्या कुळात एक कोडं होतं. १९६४ मध्ये बॅटरमन आणि बॅरेट यांनी व्हॅनेडियम-सिलिकॉन हा त्याचा भाऊबंद क्ष-किरणांनी तपासला. अतिवाहक होण्याच्या सुमारे चार अंश आधीच त्याच्या स्फटिकाचा चौकोनी घन एका बाजूनं किंचित लांबत होता. हा फरक अर्धा टक्काही नव्हता. पुढे नायोबियम-कथिलातही असाच रचनाबदल दिसला. जणू एकाच विहिरीवर दोन मोटा! आकार बदलणं आणि अतिवाहक होणं, दोन्ही त्याच इलेक्ट्रॉनांच्या बळावर. मग एक मोट थांबवली, तर दुसरी भरून येईल का?

ते पाहण्याचं साधन अणुभट्टीत होतं. आपल्याकडे तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेल्या ‘अप्सरा’नं भारतीय संशोधकांना न्यूट्रॉन मिळवून दिले, तसे परदेशातल्या भट्ट्यांतही ते होते. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं अणू जागा सोडतात आणि नायोबियमच्या जागी कथील, कथिलाच्या जागी नायोबियम जाऊन बसतं. १९७४ मध्ये ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेनं या संयुगांवरच्या माऱ्याचे परिणाम मांडले. अशा विस्कळीत नमुन्यांत आकार बदलणं थांबतं, पण अतिवाहकता वाढत नाही. मारा वाढवला, की तिचं तापमान घसरतच जातं. मोट थांबवताना विहीरच बुजली! नमुना पुन्हा चांगला तापवला, की अणू आपापल्या जागी परततात आणि गुणही बऱ्याच अंशी परत येतो.

आणखी एक गंमत. मारा थोडाच असेल, तर तार प्रबळ चुंबकीय क्षेत्रात उलट जास्त वीज वाहून नेते. स्फटिकातले दोष चुंबकीय रेषांना खुंटीसारखे धरून ठेवतात. म्हणजे बिघाड किती, यावर फायदा-तोटा ठरतो.

हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. फ्रान्समध्ये कादाराश इथं ‘ईटर’ हे सूर्यासारखी ऊर्जा निर्माण करू पाहणारं यंत्र उभं राहत आहे. भारत २००५ पासून त्यात सहभागी आहे. त्याची काही मोठी चुंबकं याच नायोबियम-कथिलाच्या तारेची आहेत, आणि त्या यंत्रातूनही न्यूट्रॉनच बाहेर पडणार. गुंडाळी बनल्यावर तिच्यात निरोधक राळ भरलेली असते, त्यामुळे तिला पुन्हा भट्टीत घालून दुरुस्त करता येत नाही. म्हणून चुंबकांपुढे जाड कवच उभारावं लागतं. ते किती जाड हवं, हे ठरवताना विस्कळीत स्फटिकांवर केलेली ही मोजमापं उपयोगी पडतात. प्रयोगशाळेत मुद्दाम केलेली ती मोडतोड उद्याच्या विजेचा हिशेब सांगते आहे.